ढकलपासने शाळा बुडवल्या, हे खरं नाही

निकालाचे दिवस आले की पालकांच्या आणि शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, म्हणणं तेच असतं. 2010 साली शिक्षणहक्क कायदा आला, आठवीपर्यंतच्या परीक्षा बंद झाल्या, कुणाला नापास करायचं नाही असं ठरलं, मुलांचा धाक गेला आणि तेव्हापासून आठवीतल्या मुलाला साधा भागाकार येईनासा झाला. आमच्या वेळी सातवीची केंद्र परीक्षा होती, नापास होण्याची लाज होती, म्हणून आमची पिढी शिकली. तेव्हा पुन्हा नापास करा, शाळा आपोआप सुधारतील.

मी सहावी ते आठवीला गणित शिकवते. या मजकुरामागची काळजी खोटी नाही. आठवीच्या वर्गात हातच्याच्या वजाबाकीला अडखळणारी मुलं आहेत, आणि ती पाहून पोटात तुटतं. पण दुखण्याचं कारण चुकीचं सांगितलं की औषधही चुकीचं दिलं जातं, आणि ते घ्यावं लागतं तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना. म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देते आहे.

‘परीक्षाच बंद झाल्या’

नाही झाल्या. कायद्याच्या कलम 16 ने मुलाला त्याच वर्गात ठेवायला आणि शाळेतून काढायला मनाई केली. कलम 30 ने आठवीपर्यंत बोर्डाच्या परीक्षेची सक्ती काढली. त्याच कायद्याचं कलम 29 मात्र सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन करायला सांगतं. महाराष्ट्रात ते ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाने आलं. सातवी-आठवीला 40 टक्के भार आकारिक मूल्यमापनाला, म्हणजे वर्षभर वर्गात चालणाऱ्या तपासणीला, आणि 60 टक्के संकलित मूल्यमापनाला. संकलित म्हणजे सत्राच्या शेवटी होणारी लेखी, तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षा. म्हणजे मुलं वर्षातून दोनदा पेपर लिहीतच होती, आम्ही तपासतच होतो आणि श्रेणी देतच होतो.

कलम 24 मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी कधी फिरवत नाही. प्रत्येक मुलाची शिकण्याची कुवत पाहा आणि जिथे कमी पडेल तिथे जादा शिकवा, असं ते शिक्षकाला सांगतं. नापास न करणं हा कायद्याचा अर्धाच भाग होता. मागे पडलेल्या मुलाला वेगळं शिकवणं हा उरलेला अर्धा. पहिला भाग एका आदेशाने लागू झाला, कारण त्याला पैसा लागत नाही आणि माणूसही लागत नाही. दुसऱ्याला दोन्ही लागतात.

‘2010 च्या आधी मुलांना येत होतं’

ग्रामीण भारतातल्या मुलांच्या घरी जाऊन वाचन आणि गणित तपासणारं ‘असर’ हे सर्वेक्षण 2005 पासून होतं आहे. शिक्षणहक्क कायदा लागू होण्याच्या आदल्या वर्षी, 2009 मध्ये, देशातल्या ग्रामीण भागातील पाचवीच्या मुलांपैकी जेमतेम 53 टक्के मुलं दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकत होती. बाकीची 47 टक्के मुलं वाचू शकत नव्हती. तेव्हा बहुतेक राज्यांत कुठल्या ना कुठल्या इयत्तेत नापास करण्याची सोय होती. धाक होता आणि तरीही हे चित्र होतं.

पुढची काही वर्षं हा आकडा खाली गेला, हे मी लपवणार नाही. 2012 पर्यंत तो 47 टक्क्यांच्या आसपास आला. मजकूर लिहिणाऱ्यांना पुरावा हवा असेल तर त्यांच्या बाजूचा सगळ्यात मोठा पुरावा हाच आहे. पण त्याच वर्षांत पूर्वी शाळेबाहेर राहणारी मुलं वर्गात आली आणि नव्या मूल्यमापनाच्या नोंदींचं ओझं शिक्षकांवर पडलं. यातल्या कशामुळे किती घसरण झाली, हे एका आकड्यावरून कुणालाच सांगता येणार नाही.

आणि घसरण ढकलपासमुळेच झाली असती, तर ढकलपास चालू असताना सुधारणा होऊच शकली नसती. महाराष्ट्रात ती झाली. जून 2015 मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा राज्य सरकारचा कार्यक्रम सुरू झाला. पायाभूत चाचण्या आल्या, कुठलं मूल कुठे अडलं आहे ते पाहायला सांगितलं गेलं आणि कितीतरी जिल्हा परिषद शाळांच्या शिक्षकांनी ते मनापासून केलं. ‘असर’प्रमाणे राज्यातल्या ग्रामीण सरकारी शाळांत दुसरीचा उतारा वाचू शकणारी पाचवीची मुलं 2014 मध्ये निम्म्याच्या आसपास होती. 2018 मध्ये ती दोन तृतीयांशांच्या जवळ पोचली. या चार वर्षांत एकाही मुलाला पाचवीत नापास केलं गेलं नव्हतं. पुढे करोनाने यातलं बरंच धुऊन नेलं. तरी ते घडलं होतं, आणि नापास न करता घडलं होतं.

‘आमची पिढी शिकली’

तुमच्या पिढीतली जी मुलं टिकली, ती शिकली. केंद्र सरकारच्याच आकडेवारीनुसार 1990-91 मध्ये पहिली ते आठवीदरम्यानची गळती सुमारे 61 टक्के होती. 2000-01 मध्येही ती 53 टक्क्यांच्या वर होती. सातवीत दोनदा बसून नंतर शेतावर, गॅरेजमध्ये किंवा दुसऱ्याच्या घरी भांडी घासायला गेलेली मुलं शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या गटात नसतात. आपल्या वर्गाचा जुना फोटो काढा आणि पाचवीतली किती नावं दहावीच्या यादीत होती ते मोजा. गळतीला गरिबी होती, शाळेचं अंतर होतं, मुलींची लग्नं होती. सगळं नापास होण्यामुळे झालं असं मी म्हणत नाही. पण उरलेल्यांकडे बोट दाखवून ‘बघा, सगळे शिकले’ असं म्हणता येणार नाही.

‘त्याच वर्गात पुन्हा बसलं की पाया पक्का होतो’

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान या समजुतीने होतं, म्हणून इथे जरा थांबते.

आठवीच्या गणिताचं पुस्तक उघडा. पहिलाच पाठ परिमेय व अपरिमेय संख्यांचा. पुढे घातांक व घनमूळ, बैजिक राशींचे अवयव, चलन, चक्रवाढ व्याज. ज्या मुलाला तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता येत नाही, त्याचं दुखणं चौथीतलं आहे. त्याला आठवीत पुन्हा बसवलं तर दुसऱ्या वर्षीही जूनमध्ये त्याच्यासमोर अपरिमेय संख्याच येणार. चौथीचा भागाकार त्याला कुणीच शिकवणार नाही, कारण आठवीच्या वेळापत्रकात त्याची तासिका नाही. भर म्हणून बरोबरीची मुलं पुढे गेलेली, वर्गात तो सगळ्यांत उंच, आणि शिक्षकांनी एकदा ‘याला जमत नाही’ असं ठरवून टाकलेलं.

ही दरी किती असते, ते दिल्लीत मोजलं गेलं. कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग आणि अलेहांद्रो गॅनिमियन या अर्थतज्ज्ञांनी 2015 मध्ये सहावी ते नववीच्या मुलांचा अभ्यास केला. सहावीतलं सरासरी मूल गणितात सुमारे अडीच इयत्ता मागे होतं, आणि इयत्ता वाढेल तशी ही दरी वाढत होती. सगळ्यात मागची मुलं वर्षभर शाळेत बसूनही जवळपास काहीच पुढे सरकत नव्हती. शाळा सुटल्यावर प्रत्येकाला त्याच्या पातळीचं गणित संगणकावर दिलं, तर साडेचार महिन्यांत ती मुलं स्पष्टपणे पुढे गेली. मुलं तीच होती, इयत्ताही तीच. फक्त त्यांना जिथून येत होतं तिथून शिकवलं गेलं.

नापास करून काय होतं, याचाही हिशेब एका मोठ्या शहरात झालेला आहे. अमेरिकेतल्या शिकागो शहराने 1996 मध्ये ढकलपास थांबवला. तिसरी, सहावी आणि आठवीच्या चाचणीत कमी पडलेल्या मुलांना आधी उन्हाळी वर्ग, पुन्हा चाचणी, आणि तरीही कमी पडले तर तोच वर्ग. मेलिसा रॉडरिक आणि जेनी नागाओका या संशोधकांना 2005 मध्ये असं दिसलं की सहावीत मागे ठेवलेल्या मुलांची प्रगती, तेवढेच गुण असून पुढे गेलेल्या मुलांपेक्षा कमी झाली. ब्रायन जेकब आणि लार्स लेफग्रेन यांनी 2009 मध्ये दाखवलं की आठवीत मागे ठेवल्याने शाळा सोडण्याची शक्यता लक्षणीय वाढली. त्याच दोघांच्या आधीच्या अभ्यासात उन्हाळी वर्गांचा फायदा मात्र दिसला होता, आणि तो दोन वर्षं टिकला होता. म्हणजे एकाच धोरणातल्या दोन गोष्टींपैकी जादा शिकवणं उपयोगी पडलं आणि सहावी-आठवीत वर्ष वाया घालवणं पडलं नाही.

शिकागो कुठे आणि आपण कुठे, असं कुणी म्हणेल. तर आपल्याकडे आठवीत नापास कोण होणार ते पाहू. बीडसारख्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला आई-बापांबरोबर निघून थेट उन्हाळ्याच्या तोंडाशी परतणारी मुलं. घरी वेगळी बोली बोलणारी आदिवासी मुलं. आणि त्यांतल्या मुली. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) बीडमध्ये 20 ते 24 वर्षांच्या 43 टक्क्यांहून अधिक स्त्रियांचं लग्न अठरा पुरी होण्याआधी झालं होतं, परभणीत 48 टक्क्यांचं. अशा घरात मुलीच्या हातात आठवी नापासचा कागद दिला, तर तिचं पुढचं वर्ष कुठे जाईल याचा अंदाज बांधायला संशोधक लागत नाही. तिला शाळेत ठेवण्यासाठी आई रोज भांडत असते. त्या आईच्या हातातलं शेवटचं कारण आपण काढून घेऊ.

‘धाक नसेल तर मुलं अभ्यास करत नाहीत’

ज्याला येतं आणि जो टाळाटाळ करतो, त्याला धाक थोडा हलवत असेलही. ज्याला वाचताच येत नाही, तो घाबरल्यावर वाचू लागत नाही. तो शाळेला दांड्या मारू लागतो.

‘प्रगतिपुस्तकात श्रेणी चांगली आणि मुलाला येत काही नाही’

हे खरं आहे. संपूर्ण मजकुरातली ही एकच ओळ मी जशीच्या तशी मान्य करते.

2010 च्या शासन निर्णयात अपेक्षा अशी होती की क-2 च्या खाली श्रेणी असलेल्या मुलाला जादा मार्गदर्शन देऊन निदान क-2 पर्यंत आणावं. मार्गदर्शनाला वेळ कुणी दिला नाही, माणूस कुणी दिला नाही. मग कितीतरी ठिकाणी मूल होतं तिथेच राहिलं आणि श्रेणी तेवढी क-2 झाली. वर्णनात्मक नोंदींच्या वह्या भरल्या गेल्या, ‘गटकार्यात सहभागी होतो’, ‘प्रश्नांची उत्तरे देण्याचा प्रयत्न करतो’. आई-बापांनी त्यावर सही केली, कारण शाळेने सांगितलं ते खरं असणार यावर त्यांचा विश्वास होता. नववीत गेल्यावर त्यांना पहिल्यांदा कळलं. पुढे दहावीचा शंभर टक्के निकाल हवा म्हणून तीच मुलं काही शाळांनी नववीत अडकवली किंवा सतरा नंबरचा, म्हणजे खाजगीरीत्या दहावीला बसण्याचा, फॉर्म भरायला लावली. पालकांची फसवणूक झाली, असं मी उघड म्हणते.

पण खोट्या कागदाला उत्तर खरा कागद हे आहे. पालकाला वर्षातून दोनदा साध्या मराठीत सांगा: तुमची मुलगी सातवीत आहे, वाचन चांगलं आहे, भागाकार अजून येत नाही, त्यासाठी शाळा अमुक तासाला अमुक करते आहे. एवढं सांगायला तिला नापास करावं लागत नाही. उलट नापासाचा शिक्का यातलं काहीच सांगत नाही. 35 च्या जागी 28 मिळाले एवढंच सांगतो.

‘शेवटी सरकारनेही चूक मान्य केली’

2019 मध्ये संसदेने कायद्यात दुरुस्ती केली, आणि महाराष्ट्राने 2023 मध्ये नियम बदलून पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आणली. इथवर मजकूर बरोबर आहे. पण दुरुस्तीत थेट नापास करा असं लिहिलेलं नाही. जो कमी पडेल त्याला जादा शिकवा, निकालानंतर दोन महिन्यांत पुन्हा परीक्षा घ्या, आणि त्यानंतरच मागे ठेवता येईल, असं लिहिलं आहे. मागे ठेवायचं की नाही हेही राज्यावर सोडलं आहे.

आता ते दोन महिने कोणते ते बघा. आपल्याकडे परीक्षा एप्रिलमध्ये, निकाल महाराष्ट्र दिनाच्या सुमारास. म्हणजे कायद्याने दिलेले दोन महिने मे आणि जून. मे महिन्यात शाळेला कुलूप असतं, शिक्षक सुट्टीवर असतात. कुणी निवडणुकीच्या, कुणी सर्वेक्षणाच्या कामावर. मूल मामाच्या गावाला किंवा मजुरीवर गेलेलं असतं. जूनमध्ये शाळा उघडते आणि पुनर्परीक्षा येऊन ठेपते. कायद्याला हवं असलेलं जादा शिकवणं नक्की कोणत्या दिवशी, कोणत्या खोलीत, कुणी करायचं? ज्या उन्हाळी वर्गांचा शिकागोत उपयोग झाला, त्यांच्यासाठी आपल्याकडे वेगळा शिक्षक नाही, मानधनाची तरतूद नाही, आणि विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याखाली वर्ग भरवताही येत नाहीत.

म्हणून नापास करा असं सांगणाऱ्या प्रत्येकाकडे माझी मागणी आहे की त्या मजकुराच्या जागी आपल्या शाळा व्यवस्थापन समितीला एक अर्ज लिहा. सहावी, सातवी आणि आठवीच्या वेळापत्रकात जूनपासूनच रोज एक तासिका पातळीनुसार गट करून वाचन आणि मूलभूत गणितासाठी ठेवा. त्या तासाला इयत्ता बाजूला ठेवा. त्यासाठी शिक्षक कमी असतील तर रिक्त पदं किती आहेत ते गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी विचारा. सहावी ते आठवीला भाषा, गणित-विज्ञान आणि सामाजिक शास्त्रांसाठी प्रत्येकी निदान एक शिक्षक असलाच पाहिजे, हे त्याच शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात लिहिलेलं आहे. समितीतले तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, त्यामुळे हा अर्ज ज्या बैठकीत वाचला जाईल तिथे बहुमत तुमचंच असेल.