दुर्लाखचे बंबवाले आणि त्यांच्यावर लादलेले ‘पहिलेपण’

दक्षिण-पश्चिम जर्मनीतील दुर्लाख या छोट्या नगराची एक गोष्ट बऱ्याच ठिकाणी सांगितली जाते आणि हल्ली ती मराठीतही हातोहात पुढे पाठवली जाते. गोष्ट थोडक्यात अशी : १८४७ साली शेजारच्या कार्ल्सरूह शहरातील दरबारी नाट्यगृह आगीत भस्मसात झाले आणि सरकारी यंत्रणा नुसती बघत उभी राहिली, त्या दुर्घटनेने हेलावलेल्या दुर्लाखकरांनी, सरकारचा छदामही न घेता, जगातील पहिले स्वयंसेवी अग्निशमन दल उभारले, त्यापूर्वी आग लागली की लोक देवावर हवाला ठेवून बसत, आणि पुढे पगारी दले आल्यावर स्वयंसेवकांचे काम संपले. यांतले एकही विधान जसेच्या तसे टिकत नाही. तरीही हा मजकूर निव्वळ थाप म्हणून सोडून देण्यासारखा नाही, कारण त्यात एका खऱ्या आणि मोठ्या कामगिरीचे श्रेय भलत्याच कारणासाठी देऊन टाकले आहे.

आधी तारखा पाहू, कारण सगळी गोष्ट त्यांवरच उभी आहे. दुर्लाखच्या दलाची स्थापना २७ जुलै १८४६ रोजी झाली. कार्ल्सरूहचे नाट्यगृह जळाले ते २८ फेब्रुवारी १८४७ रोजी. म्हणजे दल आगीनंतर नव्हे, आगीच्या सात महिने आधी उभे राहिले होते. ही चूक किरकोळ नाही. मजकुराला ‘दुर्घटना घडली, माणसे जागी झाली’ असा क्रम हवा आहे, कारण तो ऐकायला बरा वाटतो; प्रत्यक्षात मात्र दुर्लाखचे वेगळेपण नेमके याच्या उलट क्रमात आहे. तिथे कोणतीही मोठी आग लागलेली नसताना माणसे जमवली गेली, त्यांना कामे वाटून दिली गेली आणि त्यांच्याकडून कवायत करून घेतली गेली.

त्या संध्याकाळी काय घडले हे पाहिले म्हणजे या पूर्वतयारीचा अर्थ कळतो. हे नाट्यगृह फ्रीडरिख वाइनब्रेनर या वास्तुविशारदाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधले होते. आतली रचना मुख्यतः लाकडाची होती आणि उजेडासाठी गॅसचे दिवे होते. खेळ सुरू होण्याआधीच आग लागली आणि साठहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. दुर्लाखचे दल सुमारे पाच किलोमीटरवरून आपला पंप घेऊन आले. नाट्यगृह वाचवणे कोणाच्याही हातात उरले नव्हते. परंतु लगतच्या राजवाड्याकडे आग पसरू न देण्यात या छोट्या, शिस्तबद्ध पथकाचा वाटा इतका मोठा होता की त्याचे नाव राजधानी कार्ल्सरूहमध्ये आणि बाडेन या तेव्हाच्या जर्मन संस्थानाच्या बाहेरही झाले. ‘सरकारी यंत्रणा बघत राहिली’ हे विधानही म्हणूनच अर्धवट आहे. विझवायला माणसे कमी नव्हती. आग विझवणे ही त्या काळी सर्वच नागरिकांची जबाबदारी होती आणि घंटा वाजली की माणसे येतच. उणीव होती ती कोणी काय करायचे हे आधीपासून माहीत असण्याची.

मग हा घोटाळा झाला कशामुळे? माझ्या मते दोन वेगळी दले एकमेकांत मिसळली गेली. आगीनंतर १८४७ सालीच खुद्द कार्ल्सरूहमध्ये दुर्लाखच्या धर्तीवर एक स्वयंसेवी दल स्थापन झाले, आणि आज जर्मन भाषेत अग्निशमन दलाला जो ‘फॉयरवेअर’ हा शब्द सर्रास वापरला जातो, तोही त्याच सुमारास कार्ल्सरूहच्या वृत्तपत्रातून रूढ होऊ लागला. आगीतून जन्मलेले दल कार्ल्सरूहचे, दुर्लाखचे नव्हे.

दुसरा दावा ‘जगातील पहिले’ असल्याचा. याला फार शब्द खर्चण्याची गरज नाही. बेंजामिन फ्रँकलिन आणि त्याच्या मित्रांनी फिलाडेल्फियात ‘युनियन फायर कंपनी’ स्थापन केली ती डिसेंबर १७३६ मध्ये, म्हणजे दुर्लाखच्या एकशे दहा वर्षे आधी, आणि तिच्या प्रत्येक सभासदाने कातडी बादल्या व सामान बाहेर काढण्यासाठी जाड कापडी पिशव्या घरी तयार ठेवाव्यात असा लेखी करार होता. जपानमधील एदो शहरात नगरवासीयांची अग्निपथके १७२० च्या सुमारास सुसंघटित झाली होती, परंतु त्यांतील माणसांना वस्तीकडून मोबदला मिळे, म्हणून ते उदाहरण मी बाजूला ठेवतो.

दुर्लाख निदान जर्मनीत तरी पहिले होते का, हा प्रश्न अधिक रंजक आहे. सॅक्सनीतील माइसेन येथे १८४१ सालीच ‘स्वयंसेवी अग्निशमन व बचाव दल’ अशा अर्थाच्या नावाची संघटना निघाली होती. आज जर्मनीत असलेल्या, पण नेपोलियनच्या काळात फ्रान्सचा भाग असलेल्या झारलुई या नगराचे दल आपली स्थापना १८११ पर्यंत मागे नेते. त्यामुळे ‘सर्वांत जुने कोण’ याचे उत्तर, ‘स्वयंसेवी’ म्हणजे काय आणि ‘जर्मन’ म्हणजे काय, यांवर अवलंबून राहते, आणि प्रत्येक नगर आपल्याला सोयीची व्याख्या निवडते. आपल्याकडे सर्वांत जुना सार्वजनिक गणेशोत्सव कोणाचा यावरून जे वाद होतात, त्यांच्याशी परिचित असलेल्या वाचकाला याचे नवल वाटू नये. दुर्लाखविषयी निर्विवादपणे म्हणता येईल ते असे की तिथली घडण इतरांना उचलावीशी वाटली. शिडी लावून चढणारे वेगळे, पंप चालवणारे वेगळे, माणसे व सामान बाहेर काढणारे वेगळे, सर्वांवर एक नायक आणि ठरावीक दिवशी सराव, ही पद्धत पुढल्या काही वर्षांत दक्षिण जर्मनीतील अनेक नगरांत पोहोचली. चढाईच्या कामाला बहुतेक ठिकाणी व्यायाम मंडळांतील तरुण घेतले गेले. आपल्या तालमींतली पोरे ज्या उत्साहाने पुरात किंवा आगीत धावून जातात, तोच हा प्रकार, फक्त त्याला वेळापत्रक आणि गणवेश मिळाला होता.

‘सरकारचा छदामही न घेता’ हे विधान तर मुळातच गैरसमजावर आधारलेले आहे. दलाचा संस्थापक क्रिस्टियान हेंग्स्ट हा कोणी व्यवस्थेबाहेरचा बंडखोर नव्हता. तो नगराचा बांधकामप्रमुख होता, म्हणजे नगरपालिकेचाच अधिकारी. दलाचा कणा असलेला हातपंप कार्ल मेट्झ या हायडेलबर्गच्या कारखानदाराचा होता आणि तो नगरासाठी घेतला होता. मेट्झने आपला कारखाना १८४२ साली काढला होता आणि त्याला एक गोष्ट इतर उत्पादकांपेक्षा लवकर उमगली होती, ती म्हणजे न सरावलेल्या माणसांच्या हाती पंप दिला तर पंपाचेच नाव खराब होते. त्यामुळे तो पंप विकताना तो चालवणारी माणसे संघटित करण्याचा आग्रह धरी, प्रात्यक्षिके करून दाखवी, आणि १८४८ मध्ये त्याने अग्निशमन दल हे नागरिकांच्या संरक्षक दलाचे आवश्यक अंग असावे असे छापून मांडले. यात व्यापार होता का? अर्थातच होता. दर नव्या दलामागे एक पंप खपत होता. पण व्यापार होता म्हणून काम खोटे ठरत नाही, आणि काम खरे होते म्हणून व्यापार लपवण्याचेही कारण नाही. नगरपालिकेचा पैसा, कारखानदाराचे यंत्र आणि नागरिकांचा बिनपगारी वेळ या तिन्हींच्या जोडणीतून दुर्लाखचे दल झाले. यांतला एकच घटक उचलून त्याची आरती ओवाळण्यात अर्थ नाही.

इथे शब्दाविषयी थोडे. दुर्लाखच्या दलाचे मूळ नाव ‘पोंपिए कोअर’ असे होते. ‘पोंपिए’ हा फ्रेंच शब्द ‘पोंप’ म्हणजे पंप यावरून आलेला आहे. आपण आगीच्या गाडीला ‘बंब’ म्हणतो तो शब्द पोर्तुगीज ‘बोंबा’वरून आला, आणि त्याचाही अर्थ पंपच. तेव्हा ‘पोंपिए’चे मराठी भाषांतर करायचे तर ‘अग्निशमन जवान’ नव्हे, सरळ ‘बंबवाले’ असेच करावे लागेल. या नावातच सांगितलेले आहे की हे दल एका यंत्राभोवती उभे होते, नुसत्या सद्भावनेभोवती नव्हे.

पूर्वीचे लोक देवावर हवाला ठेवून बसत, हा दावा मला सर्वांत अन्यायकारक वाटतो, आणि दुर्लाखच्या बाबतीत तर विशेषच, कारण १६८९ साली फ्रेंच सैन्याने हे नगर पेटवले तेव्हा तिथे मोजकीच घरे उरली होती. आगीचे भय तिथल्या लोकांना शिकवावे लागणार नव्हते. जर्मन नगरांमध्ये मध्ययुगापासून अग्निनियमावल्या होत्या. चुली आणि धुराडी कशी असावीत, रात्री दिवा घेऊन कोठे जाऊ नये, बुरुजावरच्या पहारेकऱ्याने कोणती खूण करावी, शिड्या आणि आकडे कोठे टांगून ठेवावेत, हे सारे त्यांत लिहिलेले असे. अनेक ठिकाणी नव्याने नागरिकत्व घेणाऱ्याला एक कातडी बादली द्यावी लागे. आग लागल्यावर विहिरीपासून किंवा नदीपासून माणसांच्या रांगा लागत, एका रांगेतून भरलेल्या बादल्या पुढे जात आणि दुसरीतून रिकाम्या परत येत. पंपही होते. अॅमस्टरडॅमचा चित्रकार यान व्हान डेर हायडन याने कातडी नळी जोडलेला पंप १६७० च्या दशकातच वापरात आणला होता.

मग नव्या प्रकारच्या दलाची गरज का भासली? कारण घनदाट शहरांत ही सक्तीची, सर्वांनी मिळून करायची व्यवस्था पुरी पडेना. मे १८४२ मध्ये हॅम्बुर्ग सलग चार दिवस जळत राहिले, ५१ माणसे दगावली आणि सुमारे २०,००० लोक बेघर झाले. त्या शहरात पंप नव्हते किंवा माणसे नव्हती असे अजिबात नाही. ज्याच्यावर सक्ती आहे असा प्रत्येक जण हजर झाला तरी त्यांचे मिळून पथक होत नाही, हा त्या काळाचा धडा होता, आणि हेंग्स्टने निवडक, स्वखुशीने आलेल्या माणसांकडे वळण्यामागे हीच व्यावहारिक जाण होती. त्याच्या योजनेत ‘स्वयंसेवी’चा अर्थ फुकट काम करणारा एवढाच नव्हता, सरावाला स्वतःहून बांधून घेणारा असा होता.

शेवटचा दावा, पगारी दले आल्यावर स्वयंसेवकांचे काम संपल्याचा. मराठी वाचकाला तो सहज पटतो, कारण आपल्याकडे अग्निशमन दल म्हटले की महानगरपालिकेचे पगारी कर्मचारी असेच चित्र डोळ्यांपुढे येते. जर्मनीतही पगारी दले जुनीच आहेत. बर्लिनचे १८५१ पासून आहे. पण त्यानंतर दोनच वर्षांनी, १८५३ मध्ये, उल्मच्या कॉनराड डीट्रिख मागिरुस याने प्लोखिंगेन येथे स्वयंसेवी दलांचा मेळावा भरवला आणि त्यातूनच पुढे त्यांची देशव्यापी संघटना उभी राहिली. आजही पगारी दले मुख्यतः लाखाहून अधिक वस्तीच्या शहरांत आहेत. त्यांची संख्या शंभराच्या थोडी वर आहे, तर स्वयंसेवी दले वीस हजारांहून अधिक आणि त्यांतील सक्रिय सभासद दहा लाखांच्या आसपास. पगारी दल असलेल्या शहरांतही स्वयंसेवी शाखा असतात. दुर्लाख १९३८ साली कार्ल्सरूहमध्ये विलीन झाले, तरी तिथली शाखा आजही काम करते. चिलीमध्ये तर, जिथे १८५१ साली वाल्पाराइसो बंदरात अशी पहिली दले निघाली आणि त्यांतले एक तिथल्या जर्मनांचे होते, संपूर्ण देशाचे अग्निशमन स्वयंसेवकांवरच चालते.

स्वयंसेवी परंपरेत खरा खंड पडला तो पगारी दलांमुळे नव्हे. नोव्हेंबर १९३८ च्या कायद्याने नाझी राजवटीने या दलांच्या स्वायत्त संस्था मोडीत काढून त्यांना पोलिसांचे उपांग बनवले. त्याच महिन्यात, हा कायदा होण्याच्या दोन आठवडे आधी, देशभर सिनेगॉग म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळे पेटवली गेली, तेव्हा ठिकठिकाणच्या अग्निशमन दलांनी आदेशानुसार फक्त शेजारच्या इमारती सांभाळल्या. या परंपरेचा गौरव करणाऱ्या मजकुरात हे पान सहसा नसते.

आणि ‘स्वेच्छा’ हा शब्दही वाटतो तितका निर्भेळ नाही. पुरेसे स्वयंसेवक न मिळाल्यास नागरिकांना या कामाला जुंपण्याचा अधिकार जर्मन नगरपालिकांना आजही आहे, आणि उत्तरेकडील फ्रीडरिखश्टाटसारख्या लहान नगरांत तो वापरलाही गेला आहे. दुर्लाख ज्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आहे, तिथे तर दलात काम न करणाऱ्या पुरुषांकडून नगरपालिका अग्निसेवा-कर घेऊ शकत. स्त्रियांवर ना सेवेची सक्ती होती, ना कराची. हा भेदभाव आहे असा निर्णय स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने १९९४ साली दिला, आणि जानेवारी १९९५ मध्ये जर्मनीच्या संघीय घटना न्यायालयाने असा कर घटनाबाह्य ठरवला. ते न्यायालय कार्ल्सरूहमध्ये आहे आणि त्याची इमारत १८४७ साली जळालेल्या त्या नाट्यगृहाच्या जागेवरच उभी आहे.