होडीत कोण कोण बसले आहे, हे आधी विचारा

आज आमच्या कार्यालयाने आम्हा सगळ्यांना एका हॉटेलच्या गार सभागृहात बसवून ‘परस्पर सामंजस्य’ शिकवले. घरी येऊन जेवण झाले, भांडी आवरली, तरी चीड उतरत नाही, म्हणून लिहायला बसले आहे. पोस्ट लांबणार आहे; ज्यांना घाई असेल त्यांनी खुशाल पुढे सरकावे.

प्रत्येक टेबलावर रंगीत कार्डांचा गठ्ठा ठेवला होता आणि प्रत्येक कार्डावर एकेक प्रश्न छापलेला होता. आमच्या वाट्याला आलेला प्रश्न असा: ‘तुमची टीम एखादे वाहन असती, तर कोणते असती?’ लेखा विभागाच्या साहेबांनी मेट्रो सांगितली, कारण ती वेळेवर धावते. नव्याने लागलेल्या एका मुलीने रुग्णवाहिका सांगितली आणि सगळे हसले. मग कंत्राटावर गाडी चालवणाऱ्या भाऊंची पाळी आली. ते थोडा वेळ कार्डाकडे बघत राहिले आणि म्हणाले, “बंडी म्हना जी. पन जू एकाच बैलाच्या खांद्यावर हाये, दुसरा नुसता घुंगरं वाजवून राह्यला.”

आमच्या टेबलावरचे हसणे तिथेच थांबले. कित्येक वर्षांत कुठल्याही बैठकीत कोणी तोंडातून काढले नव्हते ते त्या माणसाने एका दमात सांगून टाकले होते. प्रशिक्षण घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या, “वा, किती सुंदर! भाऊंसाठी टाळ्या!” टाळ्या झाल्या आणि पुढचे कार्ड उघडले गेले. दुसरा बैल कोण, हे कोणी विचारले नाही. जू म्हणजे नेमके कोणते काम, ते कधीपासून आणि कोणी ठेवले, हेही कोणी विचारले नाही. दिवसाच्या शेवटी मॅडमनी फळ्यावर एक मोठी होडी काढली, तिच्याखाली ‘आपण सगळे एकाच होडीत आहोत’ असे लिहिले आणि त्या होडीपुढे उभे करून आमचे फोटो काढले. फोटोत भाऊ नाहीत. साहेबांची गाडी दारात आणायला ते खाली गेले होते.

माझा राग कार्डांवर नाही, हे आधीच सांगते, नाहीतर कमेंटमध्ये कोणीतरी ‘ताई, तुम्हाला नवीन काही चालतच नाही’ असे लिहिणार. एखादा नेमका प्रश्न आणि एखादे नेमके रूपक यांच्यामुळे एकमेकांचे तोंड न पाहणारी माणसे एकमेकांना कशी कळू लागतात, हे मी आमच्याच गल्लीत पाहिले आहे. त्यासाठी ना हॉटेल लागले, ना कार्डे.

23 सप्टेंबर 2023 ची पहाट नागपूरकरांना वेगळी सांगायला नको. काही तासांत 100 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीच्या काठच्या वस्त्यांमधून लोक अंधारात गच्चीवर चढले. आमची गल्ली त्यांतलीच. चिखल उपसून झाल्यावर दत्तमंदिराच्या ओट्यावर बैठक बोलावली. बैठक कसली, भांडणच ते. नालीवर स्लॅब कोणी टाकला, कोणाचा रॅम्प पुढे आला, कोणी कंपाउंड वॉल उंच केली! वरच्या मजल्यांवरचे लोक एका अंगाला, तळमजल्याचे दुसऱ्या अंगाला आणि भाडेकरू खाली चपलांजवळ उभे, कारण त्यांना कोणी वर बसा म्हटलेच नव्हते.

आमच्या गल्लीत एक निवृत्त मुख्याध्यापिका राहतात. वय ऐंशीच्या पुढे. सगळे त्यांना बाई म्हणतात. त्यांनी सगळ्यांना हवे तेवढे भांडू दिले आणि आवाज थोडे बसल्यावर म्हणाल्या, “भांडा तुम्ही, पण आधी एवढं सांगा, पाणी घरात आलं तेव्हा सगळ्यात पहिले काय उचललं?” आणि एक अट घातली की सगळ्यांचे सांगून होईपर्यंत कोणी कोणाच्या उत्तरावर बोलायचे नाही.

कोणी झोपलेला नातू उचलला होता, कोणी कागदपत्रांची पेटी. एका गृहस्थांनी इन्व्हर्टरची बॅटरी उचलायला हात घातला होता आणि बायकोने ओरडून त्यांना मागे ओढले होते. हे सांगताना ते तिच्याकडे बघत नव्हते. वरच्या मजल्यावरच्या जोशी-देशपांडे मंडळींना (आडनावे बदलली आहेत, ओळखीची मंडळी रागावतील) सांगण्यासारखे काही उचलावेच लागले नव्हते आणि ते त्यांना त्या ओट्यावर, सगळ्यांसमोर, स्वतःच्या तोंडाने म्हणावे लागले. मग पाळी आली चौकीदाराची. तो म्हणाला, “म्या कायी उचललं नाही जी. गेट उघडून राह्यलो होतो. गेट आत उघडते, अन् पानी आतून दाबून राह्यलं. हलेच ना.”

या एका उत्तराने सगळी बैठक फिरली. तोपर्यंत आम्ही सगळे धरून चाललो होतो की भिंतीने पाणी बाहेर अडवले, निदान थोडे तरी. पाणी आतून गेटला दाबत होते, म्हणजे रस्त्यापेक्षा आवारात ते जास्त उंच साचले होते. आम्हीच बांधलेल्या भिंतींनी ते कोंडून ठेवले होते. ही गोष्ट दोन इंजिनिअर बसले होते त्या ओट्यावर कोणाच्या ध्यानात आली नव्हती, कारण ज्याने गेटला खांदा लावला होता त्याला कोणी काही विचारलेच नव्हते. बाईंचा प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर देण्यासाठी पदवी लागत नव्हती, मालकी लागत नव्हती, मत सुद्धा लागत नव्हते. त्या पहाटे तिथे असणे पुरेसे होते. असा प्रश्न शोधणे हे कसब आहे. ‘पूरस्थितीबाबत आपल्या सूचना सांगा’ असे विचारले असते, तर चौकीदार आजही चपलांजवळच उभा राहिला असता.

रूपकाची गंमत त्याच बैठकीत पुढे झाली. बांधकामाची कंत्राटे घेणारे एक शेजारी म्हणाले की पाणी चोरासारखे शिरले, तेव्हा भिंत आणखी दोन फूट चढवू आणि गेटला खालून पत्रा मारू. तेवढ्यात चपलांजवळून एका भाडेकरू बाईचा आवाज आला, “चोर कायचा जी, थे तं आपल्या रस्त्यानं चाललं होतं. आपनच त्याच्या रस्त्यात पलंग टाकून बसलो.” लोक हसले, पण बाईंनी तिथे टाळ्या मागितल्या नाहीत. त्यांनी विचारले की पाणी चोर असेल तर आपण काय करू, आणि वाटसरू असेल तर काय करू. चोर म्हटले की भिंत, कुलूप आणि पहारा आला. वाटसरू म्हटले की वाट मोकळी करणे आले, म्हणजे नालीवरचे स्लॅब आले, म्हणजे आपापले रॅम्प आले, आणि तिथे सगळ्यांच्या चेहऱ्यांवरचे हसू मावळले. तळमजल्यावरच्या एका गृहस्थांनी तर सरळ सुनावले, “रस्ता त्याचा असेल, पण घराचे हप्ते माझे आहेत.” आणि तेही अगदी खरे होते. वाटसरूचे रूपक तिथपर्यंत चालले आणि तिथे मोडले. कुठे मोडले ते सगळ्यांनी मिळून पाहिले. मला विचाराल तर खरे सामंजस्य त्या मोडण्यात झाले.

डोनाल्ड शॉन नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने 1979 मध्ये नेमके हेच मांडले होते. त्याचे उदाहरण शहरांतल्या पडक्या, दाटीवाटीच्या वस्त्यांचे होते. अशी वस्ती म्हणजे शहराला जडलेला रोग, असे एकदा मनात धरले की ती समूळ कापून काढणे हाच उपाय सुचतो. तीच वस्ती म्हणजे आपापल्या नात्यांनी विणलेला जिता समाज, असे धरले की ती सावरण्याचे मार्ग दिसू लागतात. त्याच्या म्हणण्याप्रमाणे उपायांवरची आपली भांडणे बहुधा उपायांवरची नसतातच. प्रश्न मुळात कोणत्या रूपकात बसवला, यावर ती उभी असतात, आणि ते रूपक कोणी उघड बोलून दाखवत नाही. आमच्या भाडेकरू बाईंनी शॉन वाचलेला नाही. शॉनला आमची नाली ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तरी दोघे एकाच जागी येऊन पोहोचले.

आता पुन्हा होडीकडे येते, कारण लिहिता लिहिता राग परत चढला आहे. ‘आपण सगळे एकाच होडीत आहोत’ हे वाक्य नेहमी कोण म्हणते, हे जरा आठवून पाहा. वल्ही मारणारा ते म्हणत नाही. वरून दिलेले रूपक प्रश्न विचारायची जागाच ठेवत नाही: वल्ही कोणाच्या हातात आहेत, सुकाणू कोणाकडे आहे, भोक पडले तर जीवरक्षक जॅकेट किती आहेत, सगळे झाकून टाकते. भाऊंनी बैलजोडी सांगितली होती, मॅडमनी तिच्यावर होडी उलटवली. ही गोड बोलून केलेली मुस्कटदाबी आहे, आणि माझ्या यादीतल्या कोणाला ती दिसत नसेल असे मला वाटत नाही.

जेवणाआधी मॅडमनी आंधळे आणि हत्ती यांची गोष्टही पडद्यावर दाखवली, इंग्रजी चित्रांसह, जणू ती काल विमानातून उतरली. चक्रधरस्वामींच्या दृष्टान्तांत ती तेराव्या शतकापासून आहे आणि त्यांच्या रिद्धपूरला आमच्या नागपुरातून निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला पोहोचतो. असो. माझी तक्रार दुसरीच आहे. त्या गोष्टीत एक डोळस माणूस गृहीत धरलेला असतो, ज्याला अख्खा हत्ती दिसतो आणि जो बाकीच्यांचे समाधान करतो. अध्यात्मात ते शोभते, कारण तिथे सांगणारा गुरू असतो. कार्यालयात ती खुर्ची कोण पटकावणार, हे सांगायला हवे का? आमच्या ओट्यावर अख्खा हत्ती कोणीच पाहिलेला नव्हता, बाईंनीही नाही, आणि त्यांनी तसा आवही आणला नाही.

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे गोंड गाव आपल्यापैकी बहुतेकांना त्याच्या घोषणेमुळे माहीत आहे: ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.’ 2009 मध्ये त्यांना जंगलावरचे सामूहिक हक्क मिळाले तेव्हा वर्तमानपत्रांत फोटो आले. त्या घोषणेवर आपण सगळे माना डोलावतो, पण त्या गावाने त्यामागे जे काम केले ते फार कंटाळवाणे आणि फार मोलाचे आहे. निर्णय बहुमताने घ्यायचा नाही, सर्वसहमतीने घ्यायचा. आणि ग्रामसभेच्या जोडीला वेगळा अभ्यासगट चालवायचा, जिथे ठरवण्याची घाई नसते, फक्त बोलून समजून घ्यायचे असते. बोलण्याची जागा आणि ठरवण्याची जागा वेगळी ठेवणे ही केवढी शहाणी गोष्ट आहे! ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ हेही एक रूपकच आहे, पण ते गावाने स्वतः बोलून, घासून, जगून कमावले आहे.

मान्य आहे, एकमेकांना अजिबात न ओळखणाऱ्या बुजऱ्या माणसांना कार्डाचा आधार होतो. मान्य आहे, त्या मॅडमना दिवसाचे ठरलेले वेळापत्रक होते आणि त्या स्वभावाने वाईट नव्हत्या. पगारवाढीच्या बोलण्यात रूपके नकोत, आकडेच हवेत, हेही मान्य. पण एखाद्या माणसाला मन उघडायला सांगायचे आणि त्याने उघडले की घड्याळ बघायचे, याला वेळापत्रकाचे कारण पुरत नाही. बाईंच्या त्या एका प्रश्नाला पुरी संध्याकाळ लागली होती. आरतीची वेळ टळली तेव्हा पुजारीबुवाही घंटा बाजूला ठेवून ऐकत बसले होते.

आणखी एक गोष्ट सांगते, ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. आमच्याकडे त्या दिवशी जे बोलले गेले ते बाईंनी कॉलेजात जाणाऱ्या एका मुलाला साध्या दोनशेपानी वहीत उतरवायला लावले, ज्याचे त्याच्या शब्दांत. त्याने पहिल्यांदा चौकीदाराचे वाक्य शुद्ध करून लिहिले, ‘प्रवेशद्वार उघडण्यात अडचण आली’. बाईंनी ते खोडायला लावले आणि ‘पानी आतून दाबून राह्यलं’ असेच लिहून घेतले, कारण दाब कुठून होता ते त्याच्याच वाक्यात होते. मुलाला आधी हसू आले. मग त्याने सगळी पाने तशीच लिहिली, बायकोकडे न बघता सांगितलेले बॅटरीचे सुद्धा.

पुढे काय झाले म्हणाल तर सगळे काही गोड झाले नाही. बऱ्याच घरांनी भिंतींच्या तळाशी पाणी जाण्यासाठी जाळ्या बसवल्या आणि नालीवर उचलता येतील अशी झाकणे टाकली. दोन घरांनी रॅम्पला हात लावू दिला नाही आणि ते आजही आमच्याशी तुटक बोलतात. पण भांडण कशावर आहे, हे आता गल्लीत सगळ्यांना सारखेच ठाऊक आहे, आणि पूर्वी ते तसे नव्हते. भाडेकरूंच्या खुर्च्या ओट्यावर वर असतात. वही दत्तमंदिराच्या कपाटात आहे. गल्लीत नवे बिऱ्हाड आले की बाई ती त्यांना वाचायला देतात आणि सोबत पेनही देतात, पटले नाही तर खाली लिहा म्हणून. कंत्राटदार शेजाऱ्यांनी तर जिथे जागा मिळाली तिथे लिहून ठेवले आहे की भिंतच बरोबर होती.