५०० तास झाले की बोट भंगार? असं काही नाही

नाशिकच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, की सेकंडहँड बोटीचं इंजिन ५०० तासांच्या वर चाललं असेल तर हात लावू नका आणि १०० च्या आत असेल तर डोळे झाकून घ्या. गंगापूर धरणाकडे जाणाऱ्या दोघातिघांनी मला विचारलं म्हणून लिहितोय.

तासांवर भाव ठरतो हे खरं, पण नुसत्या तासांवर नाही. वेळेवर सर्व्हिसिंग केलेलं फोर स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेर लावलेलं इंजिन) १५०० तास आरामात काढतं, डिझेल इनबोर्ड (बोटीच्या आत बसवलेलं) तर कितीतरी जास्त.

उलट कमी तासवालीचीच मला जास्त भीती वाटते. मागे एक बघितली, मीटरवर जेमतेम ८० तास, पण कित्येक वर्षं शेडमध्ये पडून. खालचा गिअर ऑइलचा स्क्रू सैल केला तर ऑइल दुधाळ, चहासारखं, म्हणजे सील गेलेलं आणि आत पाणी. वॉटर पंपाचा रबरी इम्पेलर (पाणी ढकलणारा पंखा) कडक झालेला, टाकीत जुनं पेट्रोल, आणि आपल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं ते पाणी ओढतं, मग कार्बोरेटर चोक होणारच ना. मालक मात्र कमी तास सांगून भाव चढवत होता.

मुंबई-कोकणातून येणारी बोट असेल तर खारं पाणी आतून गंज लावतं, इंजिन रोज गोड्या पाण्याने फ्लश करायचे का ते विचारा. सर्व्हिसची बिलं मागा (साधारण दर १०० तासांनी किंवा वर्षाला एकदा व्हायलाच हवी), कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधला दाब मोजणं) करा, सगळ्या सिलिंडरचे आकडे जवळजवळ सारखे यायला पाहिजेत. मीटर बदलताही येतो हो.