परवाना म्हणजे नुसता टीएमसीचा आकडा नव्हे

केंद्रीय जल आयोगाने डीपीआर, म्हणजे प्रकल्पाचा सविस्तर अहवाल, मंजूर केला म्हणजे म्हादई खोऱ्यातल्या कळसा-भांडुरा नाल्यांचं पाणी मलप्रभा नदीत वळवायचा प्रश्न सुटला असं लेखात म्हटलंय, ते अजिबात पटलं नाही. २०१८ साली म्हादई पाणीवाटप लवादाने कर्नाटकाला कळशातून १.७२ आणि भांडुऱ्यातून २.१८ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं खरं, पण वन आणि वन्यजीव खात्याची मंजुरी हा वेगळाच विषय आहे ओ. आमच्या खानापूर भागात श्रावणात वाट दिसत नाही इतका पाऊस आणि एप्रिलमध्ये विहिरीत घागर बुडत नाही, नाल्याकाठच्या पाणथळीत काय ओल राहील तेवढ्यावर म्हशी जगतात.

हुबळी-धारवाडला प्यायला पाणी पाहिजेच, त्याला कोण नाही म्हणतंय, पण पाणी उचलण्याआधी खाली नाल्यात किती राहिलं पाहिजे ते परवान्यात लिहा, तिथं माप बसवा आणि आकडे पंचायतीच्या फळ्यावर लावा.