‘एवढं सामान कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या छोट्या जहाजावरच्या सफरीसाठी सामान कसं भरावं, या लेखावरची तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, म्हणून उत्तरही तसंच देत आहे. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: यादी गरजेच्या दुप्पट आहे. जॅकेट आणि गमबूट जहाजावर मिळतात, मग वेगळ्या वॉटरप्रूफ पँटवर खर्च कशाला, स्की पँट चालते. घरून निघण्याआधी कपडे व्हॅक्यूम क्लीनरनं साफ करायला सांगणं हा अतिरेक आहे. बोट लागली तर गोळी घ्यावी, आधीपासून नको. हातातल्या बॅगेत एवढं कशाला. आणि दूरचं जवळ दाखवणाऱ्या ६०० मिमीच्या लेन्सचा उल्लेखही नाही, ही मोठी चूक.

पहिला आक्षेप कपड्यांपुरता पूर्ण मान्य. दहा-अकरा दिवसांसाठी थर्मलचे चार जोड आणि आठ टी-शर्ट लिहायला नको होते. जहाजाच्या आत गरम हवा खेळवलेली असते आणि ती कोरडी असते. रात्री धुऊन पिळून टाकलेलं मेरिनो लोकरीचं थर्मल सकाळपर्यंत वाळतं. त्यामुळे थर्मलचे दोन जोड पुरे, फ्लीस एक, जहाजात वावरायला दोन साध्या पँट आणि तीन-चार टी-शर्ट. जाड स्वेटर काढून टाका, त्याला जागाच मिळत नाही. मोजे आणि हातमोजे मात्र कमी करू नका, कारण सगळ्या सामानात उशिरा वाळणाऱ्या वस्तू याच. दिवसातून दोनदा किनाऱ्यावर उतरायचं असतं आणि सकाळचे भिजलेले हातमोजे दुपारपर्यंत वाळत नाहीत. लोकरीच्या जाड मोज्यांचे चार जोड, आत घालायच्या पातळ हातमोज्यांचे दोन जोड आणि त्यांवरून चढवायचे वॉटरप्रूफ हातमोजे, तेही शक्यतो दोन जोड.

स्की पँटचं मात्र पटत नाही. सफरीच्या मोसमात द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावर तापमान साधारण उणे २ ते अधिक ५ अंश असतं. एवढी थंडी थर्मल, फ्लीस आणि जॅकेटमध्ये आरामात निभावते. भिजलेल्या मांड्यांनी त्याच हवेत दोन तास काढायचे झाले तर निभावत नाही. आणि भिजण्याची जागा ठरलेली आहे: जहाज ते किनारा हा रबरी होडीतला प्रवास. त्या होडीत बाक नसतात. हवा भरलेल्या गोल कडेवर बसायचं असतं, ती कायम ओली असते, आणि वाऱ्याच्या बाजूला बसलेल्यांवर लाटांचे तुषार उडतात. बऱ्याच स्की पँट हिमाचे कोरडे कण झटकण्यासाठी केलेल्या असतात, वरून पडलेलं पाणी त्यांच्यावरून ओघळून जातं. पण ओल्या रबरावर अंगाचा सगळा भार देऊन बसलं की त्या दाबानं पाणी कापडातून आत घुसतं, आणि आतला कापसासारखा थर ते धरून ठेवतो. शिवाय हिमातून टेकडी चढताना याच पँटमध्ये घाम येतो, आणि वर उभं राहिल्यावर तोच घाम गार पडतो. म्हणून अस्तर नसलेली, शिवणी आतून टेप लावून बंद केलेली साधी वॉटरप्रूफ पँट हवी, आणि ऊब आतल्या थर्मलनं मिळवायची. तुमच्याकडची स्की पँट या कसोटीला उतरते का, हे घरीच कळेल. ती घालून बाथरूममध्ये ओल्या फरशीवर शॉवरखाली पाच मिनिटं बसा. आतलं थर्मल कोरडं राहिलं तर खुशाल तीच न्या, नवी घेऊ नका.

आणखी एक गोष्ट बघून ठेवा: पँटच्या पायाचा खालचा भाग गमबुटाच्या बाहेरून खाली यायला हवा. पँट बुटात खोचली की मांडीवरून ओघळलेलं पाणी थेट बुटात उतरतं. गमबुटाचा वरचा घेर बराच मोठा असतो, म्हणून त्या भागाला बाजूची चेन हवी किंवा तो मुळातच रुंद हवा. ओल्या उतरणीच्या वेळी, म्हणजे होडीतून थेट पाण्यात पाय टाकून किनाऱ्यावर उतरताना, होडी किनाऱ्याला टेकते आणि पाय खाली सोडायचा तो पाण्यातच, कधी घोट्यापर्यंत, कधी पोटरीभर.

गमबूट जहाजावर मिळतात हे बहुतेक सफरींबाबत खरं, सगळ्या नव्हे. आरक्षणाच्या कागदात तसं लिहिलेलं असेल तरच घरून नेऊ नका. माप कळवताना जाड मोजे घालून पाऊल मोजा. बूट घट्ट झाला तर बोटांकडचा रक्तप्रवाह कमी होतो, आणि मग दोन मोजे एकावर एक चढवूनही पाय गारच राहतात. जॅकेटचं माप फ्लीसवरून घ्या. त्यावरून लाइफ जॅकेट येतं, म्हणून लोंबणारा मफलर नको. गळ्याला नळीसारखा बफ बरा.

पाठीवरच्या पिशवीबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण मूळ लेखात मी घाईनं एकच ओळ लिहिली होती, ती अपुरी आहे. होडीत चढताना-उतरताना खलाशी तुमचा हात मनगटाच्या वर धरतो आणि तुम्ही त्याचा तसाच धरायचा असतो. त्यामुळे दोन्ही हात मोकळे हवेत, खांद्यावरून लोंबणारी कॅमेरा बॅग तिथे अडचणीची ठरते. दोन पट्ट्यांची सॅक घ्या. सॅकवरच्या पावसाच्या कव्हरवर विसंबू नका. ते पाठीच्या बाजूनं उघडं असतं, आणि होडीत सॅक पायाशी ठेवली की तळाशी साचलेलं पाणी नेमकं तिथूनच आत शिरतं. सॅकच्या आत २० लिटरची ड्राय बॅग ठेवा. तिचं तोंड किमान तीन वळ्या घालून मगच बकल लावायचं. एक वळी घालून बकल लावलेली ड्राय बॅग साध्या पिशवीइतकीच गळते.

आता व्हॅक्यूमचा मुद्दा. माझ्या मते संपूर्ण यादीत सर्वांत महत्त्वाची सूचना हीच आहे, आणि तुम्ही तिलाच अतिरेक म्हटलंत याचं वाईट वाटलं. पोआ अॅन्युआ हे जगभर आढळणारं अगदी साधं गवत. अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळच्या किंग जॉर्ज बेटावरच्या पोलंडच्या आर्क्टोव्हस्की तळाजवळ १९८५-८६च्या मोसमात ते पहिल्यांदा उगवलेलं आढळलं आणि पुढे आसपास पसरलं. ते उपटून काढण्यासाठी संशोधकांना वर्षानुवर्षं मेहनत करावी लागली. असं बी माणसांच्या कपड्यांतून आणि सामानातून येतं. २००७-०८च्या उन्हाळ्यात अंटार्क्टिकाला जाणाऱ्यांचे कपडे आणि सामान तपासलं गेलं, तेव्हा ज्यांच्याकडे बी सापडलं त्यांच्याकडे सरासरी साडेनऊ बिया होत्या.

जहाजावर पहिल्या उतरणीआधी सगळ्यांचं सामान तपासतात हे खरं. पण तिथे मोजके व्हॅक्यूम, रांगेत सगळे प्रवासी आणि हलणारं जहाज असतं. घरी अर्धा तास शांतपणे केलेलं काम जास्त नीट होतं. सगळे खिसे उलटे करून शिवणीच्या कडा व्हॅक्यूम करा. सॅकचा तळ आणि कंबरपट्ट्याची जाळी विसरू नका. वेल्क्रोत अडकलेली कुसळं व्हॅक्यूमनं निघत नाहीत, ती चिमट्यानं किंवा सुईनं एकेक काढावी लागतात. म्हणून खरेदी करतानाच कमी वेल्क्रोचं सामान निवडा. बुटाच्या तळव्याच्या खाचा आणि काठीचं टोक जुन्या टूथब्रशनं धुवा. लोकरी टोपी आणि फ्लीसलाही बी चिकटतं, ती आधी नीट झटका. गवतातून चालताना वापरलेले ट्रेकिंगचे बूट या सफरीत मुळीच नकोत.

याला आता दुसरं कारण जोडलं गेलं आहे. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये दक्षिण अटलांटिकमधल्या साउथ जॉर्जिया बेटाजवळच्या बर्ड आयलंडवर एच५एन१ बर्ड फ्लूची खात्री झाली आणि पुढच्या फेब्रुवारीत तो द्वीपकल्पापर्यंत पोहोचला. तेव्हापासून किनाऱ्यावर प्राण्यांच्या वावराजवळ बसायचं, गुडघे टेकायचे, आडवं व्हायचं नाही आणि सामानही जमिनीवर किंवा हिमावर ठेवायचं नाही. जमिनीला लागायचे ते फक्त बुटांचे तळवे, आणि ते प्रत्येक उतरणीच्या आधी व नंतर जंतुनाशकात घासले जातात. या एका नियमानं सामानाचं गणित बदलतं. ट्रायपॉड घरी ठेवा. पोटावर झोपून पेंग्विनच्या डोळ्यांच्या पातळीवरून फोटो घ्यायची पद्धत बंद झाली, म्हणून बाहेर वळणारा स्क्रीन असलेला कॅमेरा नुसत्या वाकण्यात काम भागवतो. आणि सॅक खाली ठेवून लेन्स बदलणं जमत नाही, म्हणून किनाऱ्यावर नेताना कॅमेऱ्याला एकच लेन्स लावलेली बरी.

ती ६०० मिमीची का नको, ते आकड्यांतच बघू. पेंग्विनपासून ५ मीटर अंतर राखायचं असतं, आणि तुम्ही थांबलात की पुष्कळदा तेच पुढे येतात. जेंटू पेंग्विन साधारण ७५ सेंटीमीटर उंच असतो. ५ मीटरवरून १०० मिमीच्या लेन्सनं कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या सेन्सरवर त्याची उंची १५ मिमी येते, आणि फुल फ्रेम सेन्सरची उंचीच २४ मिमी असते. १५० मिमीला फ्रेम जवळजवळ भरते. फर सील १५ मीटरवर, त्यालाही २०० ते ३०० पुरते. १००-४०० मिमीची झूम लेन्स हे सगळं एकटी सांभाळते.

तुमचा रोख कदाचित दुसऱ्या टोकाच्या, आर्क्टिकमधल्या नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या अस्वलांकडे असेल. तिथे २०२५च्या जानेवारीपासून ध्रुवीय अस्वलापासून किमान ३०० मीटर दूर राहण्याचा नियम आहे, आणि १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर. सव्वादोन-अडीच मीटर लांबीचं अस्वल ३०० मीटरवरून ४०० मिमीनं सेन्सरवर सव्वातीन मिमीच्या आसपास येतं, ६०० मिमीनं पाचच्या आत. ३६ मिमी रुंदीच्या फ्रेममध्ये दोन्ही वेळा ते भोवतालच्या बर्फासकटच दिसणार. तो वाचलेला दोन-अडीच किलो भार चांगल्या दुर्बिणीकडे वळवा. १०x४२ (दहापट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) पेक्षा ८x४२ घ्या, कारण १०x मध्ये डेकच्या हलण्यामुळे येणारा कंपही दहापट होऊन दिसतो, आणि ८x४२ मध्ये डोळ्यापर्यंत येणारा प्रकाशाचा झोत ५ मिमीहून जाड असल्यानं हलत्या डेकवरही चित्र पटकन सापडतं.

कॅमेऱ्याबद्दल एवढंच: आत येण्याआधी तो बाहेरच बंद ड्राय बॅगेत घाला आणि केबिनमध्ये तासभर उघडू नका, नाहीतर गार काचेवर दव धरतं. कार्ड आधीच काढून खिशात ठेवलं की फोटो बघायला थांबावं लागत नाही. जादा बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. विमानात त्या आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेतच हव्यात. १०० वॅट-तासांपर्यंत परवानगी लागत नाही, आणि २०,००० एमएएचची पॉवर बँक साधारण ७४ वॅट-तासांची भरते.

बोट लागण्याबाबत तुमचं म्हणणं धोक्याचं आहे. अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाच्या उशुआइया बंदराहून निघाल्यावर पहिले काही तास जहाज बीगल चॅनलच्या शांत पाण्यात असतं. जेवण होतं, झोप लागते, आणि दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधल्या ड्रेक पॅसेज या समुद्राच्या लाटा सुरू होतात तेव्हा मध्यरात्र उलटलेली असते. मळमळ सुरू झाली की जठराचं काम मंदावतं, गोळी शोषली जात नाही, कित्येकदा पोटात टिकतही नाही. म्हणून ती शांत पाण्यात असतानाच घ्यायची. कानामागे लावायचा स्कोपोलामाइनचा पॅच चार तास आधी लावावा लागतो आणि तो तीन दिवस चालतो. लावल्यावर हात साबणानं धुवा. तेच बोट डोळ्याला लागलं तर बाहुली मोठी होऊन दिसणं धूसर होतं. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पॅच नको. कोणतंही औषध निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी घरी एकदा घेऊन बघा, म्हणजे झोप किती येते ते कळेल. दोन औषधं एकत्र करू नका.

ड्रेक सुरू होण्याआधी टेबलावर काही ठेवू नका, चार्जिंगला लावलेला कॅमेरासुद्धा नाही. जहाजात चपला घालू नका, रबरी तळव्याचे पुढून बंद बूट घाला. दार उघडं असताना चौकटीवर हात टेकवू नका. जहाज कललं की जड दार आपोआप मिटतं आणि बोटं चेंगरतात.

शेवटी, हातातल्या बॅगेत एवढं कशाला, हा तुमचा प्रश्न. विमान कंपनीकडून मोठी बॅग मागे राहिली तर ती दुसऱ्या दिवशी उशुआइयाला येईल, पण जहाज तिच्यासाठी थांबत नाही. तिथून पुढे दहा दिवस ती गाठण्याचा मार्ग नसतो. म्हणून वॉटरप्रूफ पँट, थर्मलचा एक जोड, हातमोजे, चष्मा आणि सगळी औषधं हातातल्या बॅगेत. रोजची औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि सफरीपेक्षा आठवडाभर जास्त पुरतील एवढी.