दशमांश, कर्ज आणि कोठाराची खोली : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, प्रभूच्या नावाने सलाम.

विश्वासू कारभारीपणावरील, म्हणजे जवळ आहे ते देवाची ठेव म्हणून सांभाळण्यावरील, माझ्या मागच्या लेखावर आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी अनेकदा वाचली आणि उत्तर द्यायला मुद्दाम आठवडाभर थांबलो. त्या लेखात मी म्हटले होते की घरात पीक आले की कास्तकाराने पहिला दहावा भाग देवासाठी बाजूला काढावा, बाकीचे हिशेब नंतर करावेत, आणि जो नापिकीची सबब सांगतो तो देवावर भरवसा ठेवायला अजून शिकलेला नाही. यावर आपण लिहिले आहे की वर्धा जिल्ह्यात कोरडवाहू कापूस पिकवणाऱ्या आपल्या वडिलांनी गेल्या वर्षी हंगामाच्या उपकारस्तुतीच्या उपासनेत अर्पण देण्यासाठी कृषी केंद्रवाल्याकडून दोन हजार रुपये उसने घेतले, कारण त्या दिवशी प्रत्येकाचे नाव आणि रक्कम मोठ्याने वाचली जाते. आपल्या मंडळीत, म्हणजे गावच्या चर्चमध्ये, कित्येक वर्षांत कोणी हिशेब दाखवलेला नाही, हेही आपण लिहिले आहे. आणि शेवटी आपण म्हणता की ‘कारभारीपण’ हे वर्गणी मागण्याचे सभ्य नाव आहे आणि कर्जापायी माणसे जीव देतात त्या मुलखात ही शिकवण देणे निर्दयपणाचे आहे.

आपल्या पहिल्या दोन गोष्टी मला मान्य आहेत. तिसरी मान्य नाही. पण जे मान्य आहे त्याविषयी आधी लिहिले नाही, तर पुढचे लिहिण्याचा अधिकार मला राहत नाही.

मी दहावा भाग ‘पहिल्यांदा’ काढायला सांगितले तेव्हा तो कशाचा काढायचा हे सांगितले नाही, आणि आपल्याकडे सगळा प्रश्न तिथेच आहे. समजा, एकरी पाच क्विंटल कापूस झाला आणि क्विंटलला सात हजारांचा भाव मिळाला, तर हातात पस्तीस हजारांचा चुकारा येतो. त्यातून बियाणे, खत, डवरणी, निंदण, फवारण्या आणि वेचणीची मजुरी वजा केली आणि हा खर्च पंचवीस हजार धरला, तर उरतात दहा हजार. पस्तीस हजारांवर दशमांश काढला तर तो साडेतीन हजार होतो, म्हणजे घरात खरोखर राहिलेल्या पैशाच्या एक तृतीयांशाहून अधिक. पगारदार माणसाने दहावा भाग देणे आणि पऱ्हाटीवर जगणाऱ्याने चुकाऱ्याचा दहावा भाग देणे या दोन गोष्टींना एकच नाव आहे, पण त्या एक नाहीत. मी स्वतः निवृत्तिवेतनावर जगतो. लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे माझेच पासबुक होते, वावर नव्हते, आणि हा दोष माझा आहे.

आपली प्रतिक्रिया वाचल्यावर मी बायबलमधले ‘अनुवाद’ नावाचे पुस्तक पुन्हा उघडले. चौदाव्या अध्यायात शेताच्या उत्पन्नाच्या दशमांशाची आज्ञा आहे. तिथेच असेही सांगितले आहे की दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश आपल्या गावाच्या वेशीच्या आत ठेवावा, म्हणजे देवाची सेवा करणारे लेवी, परदेशी, अनाथ आणि विधवा येऊन पोटभर जेवतील. त्यानंतर लगेच पंधरावा अध्याय सुरू होतो तो दर सातव्या वर्षी कर्ज सोडून देण्याच्या आज्ञेने. आपल्या भाऊबंदाकडून व्याज घेऊ नये हेही त्याच पुस्तकात पुढे येते. म्हणजे ज्या लोकांकडून दशमांश मागितला गेला, त्यांच्यासाठी गरिबाचा वाटा, कर्जाची सुटका आणि बिनव्याजी उसनवारी यांची व्यवस्था त्याच नियमशास्त्रात होती. आम्ही उपदेश करणाऱ्यांनी त्यातला एक अध्याय उचलला आणि त्याला लागून असलेला दुसरा तिथेच ठेवला. २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा कर्जग्रस्त जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केले, त्यांत आपला वर्धा जिल्हा होता आणि आमचा यवतमाळही होता. अशा ठिकाणी दशमांशावर बोलताना कर्जावर एक वाक्यही न बोलणे हे वचनाशी प्रामाणिक राहणे नव्हे.

बायबलमधल्याच राजांच्या दुसऱ्या पुस्तकात, चौथ्या अध्यायात, संदेष्ट्यांच्या मंडळातील एका माणसाची विधवा अलीशा संदेष्ट्याकडे येते, कारण सावकार तिच्या दोन मुलांना गुलाम करून न्यायला आला आहे. घरात तेलाच्या एका भांड्याशिवाय काही नाही. शेजाऱ्यांकडून आणलेली सगळी रिकामी भांडी तेलाने भरतात, तेव्हा अलीशा तिला सांगतो की हे तेल विक, आपले कर्ज फेड आणि उरेल त्यावर तू आणि तुझी मुले जगा. त्या तेलातून तो स्वतःसाठी किंवा देवाच्या कामासाठी काहीही मागत नाही. ते तेल देवाने दिलेले होते, तरी त्याचा पहिला खर्च कर्जफेडीचा ठरला आणि दुसरा मुलांच्या पोटाचा. आपल्या वडिलांनी त्या वर्षी कृषी केंद्राची जुनी उधारी फेडली असती आणि उपासनेला रिकाम्या हातांनी आले असते, तर ते विश्वासू कारभारीच ठरले असते. हे मी माझ्या लेखात लिहायला हवे होते.

आता हिशेबाविषयी. देणाऱ्यांना दोष देताना आम्ही मलाखीच्या तिसऱ्या अध्यायातले कोठारात दशमांश आणण्याचे वचन नेहमी काढतो. माझी विनंती आहे की त्याच्या जोडीला नहेम्याचा तेरावा अध्याय वाचावा. तिथे लेव्यांना त्यांचा वाटा मिळेनासा झाला म्हणून ते सेवा सोडून आपापल्या शेतांवर निघून गेलेले आहेत. पण त्याआधी काय घडले होते? ज्या मोठ्या खोलीत धान्याचा दशमांश, द्राक्षारस आणि तेल साठवायचे, तीच खोली एल्याशीब याजकाने आपल्या नात्यातल्या तोबीयाला राहायला दिली होती. यहूदाचा सुभेदार असलेल्या नहेम्याने तोबीयाचे सामान बाहेर फेकले, खोल्या शुद्ध करून घेतल्या आणि मग जाब विचारला तो अधिकाऱ्यांना. देवाच्या मंदिराची हेळसांड का झाली हा प्रश्न त्याने लोकांना केला नाही. त्यानंतर सगळ्या यहूदाने दशमांश आणला, आणि त्याच्या वाटपासाठी त्याने असे भांडारी नेमले की ज्यांना लोक विश्वासू मानत होते. या अध्यायातला क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण आमच्याकडे तो बहुतेक वेळा उलटा लावला जातो.

हे मी केवळ पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीत हंगामाच्या उपासनेनंतर अर्पणात आलेल्या ज्वारीचा, तुरीचा, भाजीपाल्याचा आणि कोंबड्यांचा लिलाव झाला. त्या पैशाचा आकडा कोणीच जाहीर केला नाही, आणि ज्याच्याकडे पैसे होते त्याला विचारायला कोणी पुढे आले नाही, कारण तो सगळ्यांच्या नात्यातला होता. कोणी भांडले नाही. लोक येत राहिले, गीते म्हणत राहिले, फक्त दानाची पिशवी फिरायला लागली की हात पदराखालून आणि खिशातून बाहेर येईनासे झाले. त्या वर्षी मी दानधर्मावर तीन उपदेश केले आणि त्यांचा काहीही उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो शाळेतून आणलेल्या एका जुन्या फळ्याचा. उपासना संपल्यावर दोन वेगवेगळ्या घरांतली माणसे सर्वांसमोर अर्पण मोजू लागली, तो आकडा फळ्यावर लिहू लागली, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी पाळकसाहेबांचे मानधन, विजेचे बिल, आजाऱ्याला केलेली मदत असा खर्चही त्याच फळ्यावर येऊ लागला. प्रेषित पौलाने करिंथकरांना दुसऱ्या पत्रात हेच लिहिले आहे. यरुशलेमेच्या गरिबांसाठीची मोठी देणगी नेताना त्याने आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला आणखी एक बंधू पाठवला, यासाठी की या पैशावरून कोणी दोष देऊ नये. प्रेषिताला दुसऱ्याची साक्ष हवीशी वाटली, मग गावच्या खजिनदाराला तिचा अपमान का वाटावा?

तरीही, ताई, ही शिकवणच सोडून द्यावी हे मला पटत नाही. त्याचे कारण आपल्याच मंडळ्यांच्या इतिहासात आहे. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले, आणि त्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षे शाळा, दवाखाने, वसतिगृहे आणि पाळकांचे पगार यांचा मोठा भाग परदेशातून येणाऱ्या पैशावर चालला. त्या कामाविषयी माझ्या मनात कृतज्ञताच आहे. माझे आजोबा अशाच एका शाळेत अक्षरे शिकले. पण त्या व्यवस्थेत आपल्या गरीब माणसाला एकच जागा मिळाली, घेणाऱ्याची. त्याच्याजवळ द्यायला काही असेल असे फारसे कोणाला वाटले नाही आणि हळूहळू त्यालाही तसे वाटेनासे झाले. पाळकसाहेब चार गावे मोटारसायकलवर फिरतात आणि त्यांचे मानधन तीन-तीन महिने थकते, तरी पैसा ‘वरून’ येईल या सवयीने आपण स्वस्थ बसतो. गरिबाला दानाविषयी काही शिकवूच नये असे आपण म्हणतो, तेव्हा त्याच्यावर दया करत असल्यासारखे वाटते, पण त्याला पुन्हा त्या जुन्या जागेवरच बसवतो.

मी लहान असताना पाळक घडवणारी युनियन बिब्लिकल सेमिनरी यवतमाळलाच होती. ती १९८३ साली पुण्याला गेली. तिथले विद्यार्थी रविवारी आसपासच्या गावांत येत, आणि मिझोरामच्या एका विद्यार्थ्याने आमच्या घरी जेवताना सांगितलेली गोष्ट माझ्या आईने आयुष्यभर जपली. त्यांच्याकडे स्त्रिया प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी शिजवायच्या तांदळातून एक मूठ देवाच्या कामासाठी वेगळी काढतात, आणि ही प्रथा १९१० पासून चालत आली आहे. तो तांदूळ गोळा करून विकला जातो आणि त्या पैशावर सुवार्तेचे काम चालते. आईने दुसऱ्याच दिवशी ज्वारीच्या पिठाच्या डब्याशेजारी एक लहान डबा ठेवला. आमच्या घरी तेव्हा एकच वेळ चूल पेटायची असेही दिवस होते, आणि त्या दिवशी मूठ निघाली नाही तर ती खंत करत नसे, कारण नसलेल्यातून द्यायला तिला कोणी सांगितले नव्हते. पौलही हेच म्हणतो की उत्सुकता असेल तर जवळ जे आहे त्याप्रमाणे दान मान्य होते, जवळ नाही त्याप्रमाणे नव्हे. त्या डब्यामुळे आई मंडळीत ताठ मानेने बसायची. तिच्याकडून ती मूठ ‘तू गरीब आहेस’ म्हणून कोणी घेतली नसती, तर तिचे काय गेले असते हे मला शब्दांत सांगता येत नाही.

‘जितके द्याल त्याच्या दसपट मिळेल’ असे सांगत फिरणाऱ्या उपदेशकांचा आपण उल्लेख केला आहे. त्यांच्याविषयी मी इतकेच म्हणेन की ती लॉटरी आहे आणि तिला सुवार्ता म्हणू नये.

कारभारीपण म्हणजे केवळ वर्गणी, या आपल्या आक्षेपाला मात्र थोडे उत्तर द्यायला हवे. आमच्या मंडळीत आम्ही वर्षातून चार रविवार या विषयाला देतो, आणि त्यांतल्या एकाच रविवारी अर्पणावर बोलतो. बाकीचे तीन रविवार लग्नातल्या मांडवासाठी सावकाराचे कर्ज न काढण्यावर, बचत गटाच्या वहीवर, फवारणी करताना तोंडाला फडके आणि हाताला मोजे वापरण्यावर जातात. २०१७ साली आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने मजूर मेले, त्यानंतर शरीर हीसुद्धा देवाची ठेव आहे हे सांगायला वेगळा दाखला शोधावा लागला नाही. मंडळ्यांच्या जुन्या जमिनी हा तर आणखी मोठा विषय आहे. सार्वजनिक न्यासांच्या १९५० च्या कायद्याप्रमाणे नोंदणीकृत न्यासाने हिशेब तपासून घेणे बंधनकारक आहे आणि त्याची जमीन विकायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. आपल्या मंडळीत पंचांना लेखी विनंती करून हिशेब मागण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. ते रागावतील, पण त्यामुळे तो हक्क कमी होत नाही.

नावे आणि रकमा वाचण्याची पद्धत आमच्याकडेही होती. आपली प्रतिक्रिया मी मागच्या शनिवारी पंचांच्या बैठकीत वाचून दाखवली, आपला आणि गावाचा उल्लेख टाळून. दोघांचा विरोध होता. त्यांचे म्हणणे असे की नाव वाचले नाही तर लोक देणार नाहीत, आणि ही भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. तरी ठरले ते असे की या हंगामापासून एकूण रक्कम तेवढी फळ्यावर लिहायची, कोणाचेही नाव वाचायचे नाही, आणि ज्याच्यावर उधारी आहे त्याने आधी ती फेडावी हे उपासनेच्या आधीच्या रविवारी व्यासपीठावरून स्पष्ट सांगायचे. ते सांगण्याचे काम माझ्याकडे आले आहे.

लेखातले नापिकीच्या सबबीचे वाक्य मी काढून टाकले आहे आणि ते का काढले हे त्या जागी लिहिले आहे. आपल्या वडिलांना माझा सलाम सांगावा. माझ्यासारख्यांच्या शिकवणीमुळे त्यांना ते दोन हजार उसने घ्यावे लागले, याबद्दल त्यांची क्षमा मागायला मी स्वतः येऊ इच्छितो. त्यांना चालणार असेल तर वेचणी आटोपल्यावरचा एखादा दिवस कळवावा.