गाडी कोण्या गावाले जाते?

आई-बाबा व्हँकूव्हरला आले होते, तेव्हा त्यांना अलास्काच्या जहाजावर घेऊन गेलो. स्कॅगवेच्या धक्क्यावर उतरलं की जवळच रेल्वेचे डबे उभे असतात. व्हाइट पास अँड युकॉन रूट, 3 फुटी नॅरोगेज. बाबा दारव्ह्याचे. तिथल्या शकुंतला या नॅरोगेज गाडीच्या रुळांवर पैसे ठेवून चपटे करण्यात त्यांचं लहानपण गेलं. वाकून रूळ न्याहाळत म्हणाले, "आपल्यापेक्षा अर्धा फूट रुंद हाये."

1897 साली कॅनडातल्या क्लोंडाइकच्या सोन्यासाठी इथे झुंबड उडाली. सामान वाहणारे सुमारे 3000 घोडे याच व्हाइट पास खिंडीत मेले. त्या घळीचं नावच डेड हॉर्स गल्च. मे 1898 मध्ये लंडनच्या पैशावर काम सुरू झालं आणि 32 किलोमीटरमध्ये सुमारे 870 मीटर चढणारा लोहमार्ग कड्यात सुरुंग लावून कोरला गेला. जुलै 1900 मध्ये कारक्रॉसला शेवटचा खिळा ठोकला, तोवर सोन्याची हवा ओसरलेली. गाडी तगली ती खनिजांवर. 1982 मध्ये युकॉनमधल्या फारो गावची खाण बंद पडली, गाडीही थांबली. 1988 पासून ती पुन्हा धावते आहे, आमच्यासारख्या जहाजी प्रवाशांसाठी.

आमच्या ग्रुपवर अशा गाड्यांचे व्हिडिओ हौसेने फिरतात. "बघा, परदेशात वारसा कसा जपतात! आपण शकुंतला मारली." मीही असले व्हिडिओ पाठवलेत, कबूल करतो. ब्रिटिश कंपनीने वऱ्हाडचा कापूस न्यायला बांधलेली यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही गाडी. तिचा गार्ड उतरून फाटक लावायचा, तिकिटंही तोच फाडायचा. आज ती बंद आहे. कुणी म्हणतं ब्रॉडगेज करा, कुणी म्हणतं आहे तशीच ठेवून पर्यटन करा.

पर्यटनवाल्यांना स्कॅगवेचं गणित सांगावंसं वाटतं. गावाची वस्ती जेमतेम बाराशे, आणि मोसमात एकेका दिवशी जहाजांतून हजारो माणसं उतरतात. मूर्तिजापूरला कुठलं जहाज लागणार आहे? शिवाय आमची फेरी खिंडीच्या माथ्यापर्यंतच होती. वर इंजिन दुसऱ्या टोकाला लावतात, आपण उठून बाकाची पाठ उलटी करायची आणि त्याच वाटेने खाली. बोगदे, धबधबे, वापरातून गेलेला 1901 सालचा पोलादी पूल, सगळं देखणं. बाबांचा प्रश्न मात्र वेगळाच.

"ही गाडी कोण्या गावाले जाते?"

"आपली फेरी कोण्याच नाही, बाबा. वरून वापस."

"मंग बसाचं कायले?"

कारंजाच्या बाजाराला किंवा मूर्तिजापूरला मोठी गाडी पकडायला निघालेल्या माणसाला ब्रॉडगेजच हवी. हौशी वारसाप्रेमाने तिची वाट अडवू नये, असं मला आता वाटतं. पण या डोंगरातली एक गोष्ट मनात राहिली. 1982 ते 1988 गाडी बंद होती, तरी त्यांनी रूळ भंगारात घातले नाहीत, म्हणून तर ती परत धावू शकली. आपल्याकडे निर्णय व्हायच्या आधीच लोखंड पाय फुटल्यासारखं चालू लागतं.

रात्री जहाजावरून बाबांनी काकांना फोन लावला. डोंगर, बर्फ, सोनं यातलं काहीच सांगितलं नाही.

"आपल्या मोतीबाग ठेसनापाशी रूळ हायेत नं अजून?"

"हायेत, भाऊ. गवत लय वाढलं."